गिनी पिगचे वजन योग्य आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

पळसफूल (धागाकर्ती), १ जून

नमस्कार. आम्ही नागपुरात प्रतापनगर भागात राहतो आणि आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत. दोघीही माद्या आहेत. भुरी साधारण तीन वर्षांची आहे आणि ठिपकी दीड वर्षाची. सध्या नवतपा सुरू असल्यामुळे दोघींचा मुक्काम कूलरच्या खोलीत आहे आणि उन्हामुळे त्यांचे खाणे थोडे मंदावले आहे. म्हणून आज प्रथमच मी त्यांना स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवले. भुरी ९८० ग्रॅम भरली आणि ठिपकी ८१० ग्रॅम.

पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन ७०० ते ९०० ग्रॅम आणि नराचे ९०० ते १२०० ग्रॅम असावे, असे माझ्या वाचनात आले आहे. त्या हिशेबाने भुरी ८० ग्रॅमने जास्त आहे. आम्ही जिथून खाद्य घेतो त्या दुकानदारांनी तिचे खाद्य निम्म्यावर आणण्यास सांगितले, तर शेजारच्या काकूंना ती अगदी छान गुबगुबीत वाटते. मला दोन्ही मतांवर विसंबायचे नाही. ती लठ्ठ आहे की तिची चणच मोठी आहे, हे मी कशावरून ठरवावे?

वैनगंगा, १ जून

पळसफूलताई, तुम्ही वजन करण्यास सुरुवात केली, हे फार चांगले केले. मी अकरा वर्षांपासून गिनी पिग पाळते आहे आणि माझ्या अनुभवात या प्राण्याचे आजार डोळ्यांना सर्वांत शेवटी दिसतात. अंगावर दाट केस असतात, मान आखूड असते, बसल्या जागी तो गोल दिसतो आणि भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांच्या स्वभावाप्रमाणे तो आपले दुखणे लपवतो. काटा मात्र ते लपवू देत नाही.

तरीही एका दिवसाच्या एका आकड्यावरून लठ्ठ की सडपातळ हे ठरत नाही. तुम्ही दिलेली मर्यादा बरोबर आहे, पण ती सरसकट सगळ्यांची आहे. माझ्याकडे १०५० ग्रॅमची एक मादी होती. ती अंगापिंडाने लांबरुंद होती आणि सहा वर्षे उत्तम जगली. दुसरी ७२० ग्रॅमच्या वर कधीच गेली नाही आणि तीही निरोगी होती. त्यामुळे भुरीचे वजन भुरीच्याच मागच्या वजनाशी ताडून पाहावे लागेल, आणि त्यासाठी आजपासून वही घालावी लागेल.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी भाजी देण्यापूर्वी करावे. एक खोलगट प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मग तिला डब्यात बसवावे. ती हलत असेल तर हातात कोथिंबिरीची, म्हणजे आपल्याकडच्या सांबाराची, एक काडी धरावी. ती खाण्यात गुंतली की आकडा स्थिर होतो. पोटातील अन्न आणि लघवी यांमुळेच २०-३० ग्रॅमचा फरक पडत असतो, त्यामुळे तेवढ्याने घाबरू नये. सलग दोन आठवडे वजन उतरत गेले, किंवा एकाच आठवड्यात ५० ग्रॅमहून अधिक कमी झाले, तर मात्र खाणे, लेंड्या आणि दात यांकडे लक्ष द्यावे. १०० ग्रॅमच्या वर घट दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. काटा खरा आहे की नाही, याचीही एकदा खात्री करून घ्या. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून ५०० ग्रॅमचे माप घटकाभर मागून आणले तरी पुरते.

दुसरा भाग हाताचा आहे, आणि माझ्या मते तो काट्याइतकाच महत्त्वाचा आहे. तिला मांडीवर घेऊन पुढच्या पायांच्या मागे दोन्ही बाजूंनी बोटे हलकेच फिरवा. आता स्वतःचा पंजा सरळ पसरा आणि त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवून पाहा: कातडीखाली हाडे लागतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागल्या तर प्रकृती योग्य समजावी. मूठ मिटल्यावर बोटांचे सांधे जसे टोकदार लागतात तशा लागल्या, तर ती रोड आहे. तळहाताच्या गादीवरून फिरवल्यासारखे वाटले आणि थोडे दाबूनही बरगड्या सापडल्या नाहीत, तर ती लठ्ठ आहे. तसेच पाठीचा कणा आणि मागची कमरेची हाडे चाचपावीत. लठ्ठ गिनी पिगच्या काखेत आणि हनुवटीखाली चरबीच्या वळ्या येतात आणि वरून पाहिले असता पंजे पोटाखाली झाकले जातात. हे सारे पाहून आम्हाला कळवा.

जुना_बर्डीकर, २ जून

माझा या प्राण्याशी संबंध नातवामुळे आला. आमच्याकडचा नर १२५० ग्रॅमचा झाला आहे आणि त्याला उचलले की धाप लागते. माणसाला जसा आठवड्यातून एक उपास मानवतो, तसा यालाही एक दिवस फक्त पाण्यावर ठेवावा, असे मला वाटते. गाई-म्हशींचेही पोट बिघडले की एक वेळ चारा कमी करतात. जाणकारांनी मत द्यावे.

कडुनिंब, २ जून

काका, आपली काळजी मी समजू शकतो. परंतु मी व्यवसायाने पशुवैद्यक आहे आणि या एका बाबतीत मला स्पष्ट बोलणे भाग आहे. गिनी पिगला एक दिवसही उपाशी ठेवू नये. त्याचे आतडे सतत नवे तंतुमय अन्न येत राहिले तरच पुढे सरकते. काही तास पोटात काही गेले नाही की ती गती मंदावते, आतील जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि वायू धरू लागतो. लठ्ठ प्राण्यात तर उपासामुळे अंगातील चरबी वेगाने यकृतात जाऊन साठते आणि त्यातून मृत्यूही ओढवू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वीही आम्ही कुत्र्या-मांजरांप्रमाणे त्यांना रात्रभर उपाशी ठेवत नाही.

आपल्या नराचे वजन उतरवायचे असेल तर आहाराचे प्रमाण न घटवता त्याचा प्रकार बदलावा. गवत अमर्याद ठेवावे. गोळी खाद्य दिवसाला साधारण एक मोठा चमचाभर द्यावे. बाजारात रंगीत दाणे, मका आणि सूर्यफुलाच्या बिया घातलेले जे मिश्र खाद्य मिळते ते पूर्णपणे बंद करावे, कारण हे प्राणी त्यातील तेलकट आणि पिठूळ भाग तेवढा निवडून खातात. फळे, पोळीचे तुकडे आणि बिस्किटे बंद करावीत. पिंजऱ्याबाहेर रोज मोकळे फिरू द्यावे. हे करताना दर आठवड्याला १०-२० ग्रॅमपेक्षा जास्त उतार येऊ देऊ नये.

उचलल्यावर धाप लागते, असे आपण लिहिले आहे. ती केवळ लठ्ठपणामुळे आहे, असे येथे बसून मी म्हणू शकत नाही. हृदय आणि फुप्फुसे तपासून घेणे आवश्यक आहे. शिवाय हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड प्रदेशातील प्राणी आहे आणि साधारण २७-२८ अंशांच्या पुढे त्याला उष्मा सोसवत नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना लठ्ठ नराला उष्माघाताचा धोका सर्वाधिक असतो. वीज गेली की त्याच्याजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवत जा.

जुना_बर्डीकर, २ जून

आपण वेळीच सावध केलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उपासाचा विचार सोडून दिला आहे. उद्याच त्याला दाखवतो.

मोहफूल, ३ जून

गवत अमर्याद द्यावे हे सर्वच सांगतात, पण नागपुरात ते आणायचे कोठून, हा माझ्यापुढे पहिली दोन वर्षे मोठा प्रश्न होता. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण वजनाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ माझ्या मते येथेच आहे. गवत मिळाले नाही की आपण गोळी खाद्य आणि भाज्यांवर पोट भरतो. मग एक तर प्राणी लठ्ठ होतो किंवा दात वाढून रोडावतो.

बाहेरून येणारे टिमोथी गवत मिळते, परंतु महाग पडते. मी त्याच्या जोडीला हरळी देते. ती जिथे फवारणी होत नाही आणि कुत्री फिरत नाहीत अशाच जागेतून आणते, स्वच्छ धुते आणि सावलीत वाळवते. लसूणघास आणि बरसीम दूधवाल्यांकडे सहज मिळतात, पण त्यांत प्रथिने आणि कॅल्शियम बरेच असते. त्यामुळे पिल्लांना आणि गाभण माद्यांना ती चालतात, मोठ्या प्राण्याला मात्र रोज दिल्यास वजन वाढते आणि मूत्राशयात खडे होण्याचा धोका राहतो. भंडाऱ्याकडून येणारी भाताची तणस अंथरायला उत्तम आहे, पण तिच्यात कस नसल्यामुळे केवळ तिच्यावर प्राणी पोसला जात नाही. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात देऊ नये. तिच्यात विषारी द्रव्य असते, ज्याने गुरेही दगावतात, आणि हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात भुट्ट्यांच्या गाड्या लागल्या की कणसांवरची ताजी हिरवी साले मी मागून आणते. ती आमच्याकडे फार आवडीने खाल्ली जातात.

क जीवनसत्त्वाबद्दलही लिहायला हवे. माणसाप्रमाणेच गिनी पिगला हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते मिळाले नाही तर दोन-तीन आठवड्यांत सांधे दुखू लागतात, केस खरखरीत होतात, प्राणी हलेनासा होतो आणि वजन उतरू लागते. दर किलो वजनामागे रोज किमान १० मिलिग्रॅम लागते. आजारी आणि गाभण प्राण्यांना ३० पर्यंत. ढोबळी मिरचीचा एक मोठा तुकडा रोज दिला की काम भागते. आपण संत्र्यांच्या गावात राहतो म्हणून संत्र्यांचा मोह होतो, पण त्यात साखर आहे. आठवड्यातून एखादी फोड पुरे. पाण्यात थेंब टाकण्याचा उपयोग होत नाही, कारण उजेडात आणि उष्णतेत ते जीवनसत्त्व लवकर नष्ट होते.

नवे_घरटे, ५ जून

आम्ही गेल्या रविवारी बाजारातून एक पिल्लू आणले. ते मादी असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. वय दीड महिना असावे आणि वजन ३१० ग्रॅम आहे. ते कमी आहे का?

वैनगंगा, ५ जून

नाही, त्या वयाला हे वजन ठीक आहे. जन्माच्या वेळी ही पिल्ले साधारण ७० ते १०० ग्रॅमची असतात. पहिले काही महिने दर आठवड्याला ३० ते ५० ग्रॅमची भर पडत जाते, नंतर वेग कमी होतो आणि वर्षाच्या आसपास वजन स्थिरावते. पिल्लाच्या बाबतीत वजन न वाढणे हीच धोक्याची खूण असते. आठवडाभर आकडा जागचा हलला नाही तरी चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. दुकानात नर आणि माद्या बहुधा एकत्रच ठेवलेले असतात आणि मादी अवघ्या चार-पाच आठवड्यांची असताना गाभण राहू शकते. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. त्यामुळे पुढच्या दोन महिन्यांत तुमच्या पिल्लाचे वजन अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने वाढले आणि पोट दोन्ही बाजूंना फुगले, तर ते बाळसे आहे असे समजून स्वस्थ बसू नका.

पळसफूल, १५ जून

मी तीन रविवारांची नोंद देत आहे. ठिपकी ८१०, ८०५, ८२०. भुरी ९८०, ९७५, ९८५. उष्मा असूनही दोघींची वजने टिकून आहेत, हे पाहून मी निश्चिंत झाले होते.

परंतु वैनगंगाताईंनी सांगितल्याप्रमाणे हाताने चाचपल्यावर मी गोंधळून गेले आहे. ठिपकीच्या बरगड्या पंजाच्या मागच्या बाजूसारख्या लागतात. भुरीच्या बरगड्या मात्र जवळजवळ मुठीच्या सांध्यांसारख्या लागतात आणि कण्याची धारही बोटाला जाणवते. तरीही वरून पाहिले की ती मागच्या बाजूला पसरट, एखाद्या पेरूसारखी दिसते. जिला सर्वजण लठ्ठ म्हणत आहेत, ती हाताला रोड कशी लागते? माझीच चाचपण्यात चूक होत आहे का?

वैनगंगा, १५ जून

ताई, तुमची चूक होत आहे असे मला वाटत नाही. कणा लागतो आणि पोट मोठे आहे, ही जोडी मला काळजीची वाटते. माझा स्वतःचा एक अनुभव येथे सांगते. माझा एक नर १०८० ग्रॅमचा होता. एका आठवड्यात तो १०४० झाला आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात ९७५. तो वाटीपर्यंत धावत जायचा, तोंड लावायचा आणि परत फिरायचा, त्यामुळे त्याची भूक शाबूत आहे अशीच माझी समजूत होती. एका दवाखान्यात त्याचे पुढचे दात पाहून सर्व ठीक असल्याचे सांगितले गेले आणि मी घरी आले. प्रत्यक्षात त्याच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. गिनी पिगचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि दाढा उपकरणाशिवाय दिसत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांकडे ते लक्षात येईपर्यंत तो ८९० वर आला होता. तो वाचला, पण त्या दोन आठवड्यांची रुखरुख मला अजूनही आहे. त्या वेळी मी फक्त काटा पाहत होते; रोज हात फिरवला असता तर मला आठवडाभर आधी समजले असते.

भुरीच्या बाबतीत काटा स्थिर आहे, म्हणजे एका ठिकाणी वजन उतरत असताना दुसऱ्या ठिकाणी काहीतरी वाढते आहे. कडुनिंब यांनी कृपया पाहावे.

कडुनिंब, १६ जून

वैनगंगाताईंचा तर्क मला योग्य वाटतो. पळसफूलताई, काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत. दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच प्रमाणात विरळ झाले आहेत का? स्तनाग्रे खडबडीत किंवा मोठी झाली आहेत का? ती ठिपकीच्या अंगावर चढते का, किंवा अलीकडे चिडकी झाली आहे का? आजवर ती नरासोबत राहिली होती का?

कोणतेही औषध घरी देऊ नका, विशेषतः घरात उरलेले माणसांचे प्रतिजैविक. अमॉक्सिसिलीनसारखी पोटात दिली जाणारी काही औषधे या प्राण्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात आणि त्यामुळे प्राणी दगावतो.

पळसफूल, १६ जून

कुशींवरचे केस दोन्ही बाजूंनी विरळ झाले आहेत. मी ते उन्हाळ्यामुळे झाले असे समजत होते. स्तनाग्रे खरखरीत आहेत. महिन्याभरापासून ती ठिपकीला त्रास देते, म्हणून मी दोघींमध्ये जाळी लावली होती. ती नरासोबत कधीच राहिलेली नाही.

कडुनिंब, १६ जून

ही सर्व लक्षणे अंडाशयातील गाठींकडे, म्हणजे पाण्याने भरलेल्या पुटींकडे, बोट दाखवतात. मध्यम आणि उतारवयाच्या माद्यांत हा विकार बराच आढळतो. पुटी वाढत जातात तसे पोट भरलेले दिसते. त्यांच्या दाबामुळे खाणे हळूहळू कमी होते, पाठीवरचे मांस उतरते आणि काट्यावर या दोन्हींची बेरीज तेवढीच राहते. निदान सोनोग्राफीनेच पक्के होईल. गिनी पिगवर काम करण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जावे. सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करता येईल. जाताना तुमची वजनाची वही सोबत न्या. सकाळच्या गारव्यात न्या आणि पेटीत गवत ठेवा.

पळसफूल, २१ जून

सोनोग्राफी झाली. दोन्ही अंडाशयांत पुटी आहेत आणि डावीकडची बरीच मोठी आहे. डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले: सुईने पाणी काढणे, संप्रेरकांची इंजेक्शने देणे, किंवा शस्त्रक्रिया करून अंडाशय व गर्भाशय काढणे. सुईने काढलेले पाणी पुन्हा भरते आणि इंजेक्शनांचा परिणाम सर्व प्रकारच्या पुटींवर होत नाही, असे त्यांनी समजावले. दोन रात्री विचार करून आम्ही शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला आहे. तत्पूर्वी आठ-दहा दिवस तिची प्रकृती सुधारण्यास सांगितले आहे, कारण रोड प्राण्याला भूल सोसत नाही. दुकानदारांचे ऐकून मी तिचे खाद्य निम्मे केले असते, तर आज ती या अवस्थेतही नसती, हा विचार मनातून जात नाही.

मोहफूल, २१ जून

या दिवसांत थोडी लसूणघास द्यायला हरकत नाही, मात्र डॉक्टरांना विचारून. गोळी खाद्य कोमट पाण्यात भिजवून त्याचा मऊ लगदा करून ठेवण्याचा सराव आत्ताच करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर सुई नसलेल्या सिरिंजने भरवण्याची वेळ येईल तेव्हा तिला त्याची चव ओळखीची असेल. सिरिंज समोरून न घालता ओठांच्या कडेने घालावी आणि थोडे-थोडे द्यावे.

पळसफूल, ६ जुलै

बुधवारी शस्त्रक्रिया झाली. सकाळी वजन ९९० होते. परत आणल्यावर घरच्या काट्यावर ८९० भरले. पहिली रात्र तिने स्वतःहून काहीही खाल्ले नाही, म्हणून मी आणि यजमानांनी आळीपाळीने दर दोन-तीन तासांनी भरवले. दुसऱ्या दिवशी ८७०, तिसऱ्या दिवशी ८५५. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सांबाराची काडी स्वतः ओढून घेतली आणि आज लेंड्या पुन्हा नेहमीच्या आकाराच्या झाल्या आहेत. आज ८६० आहे.

वैनगंगा, ६ जुलै

लेंड्या सुधारल्या हे वाचून फार बरे वाटले. टाके भरेपर्यंत रोज वजन करा, नंतर पुन्हा रविवारवर या. जुन्या ९८० शी आता तुलना करू नका. त्या आकड्यात पुटींचे वजन मिसळलेले होते.

जुना_बर्डीकर, ८ जुलै

आमच्या नराचे हृदय तपासले. त्यात दोष आढळला नाही. दाणे मिश्र खाद्य बंद केल्यापासून पाच आठवड्यांत तो १२५० वरून ११८० वर आला आहे. नातवाने भिंतीवर तक्ता लावला आहे. भुरीला आमचे आशीर्वाद.

पळसफूल, २४ ऑगस्ट

आज भुरी ९१५ ग्रॅम आहे आणि गेले तीन रविवार ती ९०५ ते ९१५ च्या दरम्यान आहे. कणा आता बोटाला लागत नाही, बरगड्या ठिपकीसारख्याच लागतात आणि कुशींवर नवे केस आले आहेत. मधली जाळी काढली आहे आणि दोघी एकाच टोपलीत झोपतात. तिचे योग्य वजन म्हणून मी वहीत ९१० लिहून ठेवले आहे. कडुनिंब, हे बरोबर आहे ना?

कडुनिंब, २४ ऑगस्ट

बरोबर आहे. हिवाळ्यात त्यात २०-३० ग्रॅमची भर पडली तरी चालेल. ठिपकी दोन वर्षांची झाली की दर महिन्याला तिच्या कुशीही चाचपत जा.